मदत हवी आहे: डेबियन १३ वर गेल्यापासून पोस्टग्रेसमध्ये कोलेशनचा इशारा

नमस्कार मंडळी,

गावातल्या वाचनालयाची पुस्तकयादी आणि सभासदनोंद पोस्टग्रेस १५ या डेटाबेस प्रणालीत आहे. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन १२ वरून १३ वर नेली, पोस्टग्रेस तेच ठेवलं. डेटाबेसचं लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) मराठी, एन्कोडिंग यूटीएफ-८. आता लॅपटॉपवरून एसएसएचने सर्व्हरला जोडलं की तिथला कमांड-शेल बॅश कुरकुरतो, इंडियन इंग्लिशचं लोकेल लावता येत नाही म्हणून. आणि पोस्टग्रेसला आज्ञा देण्याचं पीएसक्यूएल उघडलं की इशारा येतो: डेटाबेस कोलेशन (मजकुराचा क्रम लावण्याचे नियम) आवृत्ती २.३६ ने बनला होता, सिस्टिमकडे २.४१ आहे.

अक्षरं नीट दिसतात, शोधही लागतो. इशाऱ्यातच 'रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' सुचवलंय. ते चालवून मोकळा होऊ का? दोन्ही भानगडी एकच आहेत का?

प्रतिसाद १

एकच नाहीत. पहिली निरुपद्रवी. तुमचा लॅपटॉप एसएसएचमधून स्वतःचं लोकेल पाठवतो आणि सर्व्हरवर ते तयार केलेलं नाही. 'डीपीकेजी-रिकॉन्फिगर लोकेल्स' चालवून त्यावर खूण करा. मराठीवरची खूण मात्र काढू नका, नाहीतर लोकेल ओळखता येत नाही म्हणून पोस्टग्रेस त्या डेटाबेसला जोडूच देणार नाही.

दुसरी गंभीर आहे. २.३६ आणि २.४१ हे जीलिबसी या सिस्टिमच्या मूळ सी लायब्ररीच्या आवृत्तीचे आकडे. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस तिथून घेतं आणि इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) त्याच क्रमाने रचलेला असतो. क्रम बदलला की असलेली नोंद सापडत नाही, युनिकची (दुबार नको) अट असूनही दुबार नोंद घुसते. २०१८ च्या २.२८ मध्ये क्रम बराच बदलला, तेव्हा अनेकांचे इंडेक्स बिघडले. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस पातळीवर इशारा तरी मिळतो, आधी तोही नव्हता.

रिफ्रेश फक्त नोंदवलेला आकडा बदलतं, इंडेक्सला हात लावत नाही. म्हणून आधी 'रिइंडेक्स डेटाबेस' चालवून इंडेक्स नव्याने रचा, मगच रिफ्रेश. आकड्यांच्या कॉलमवरचे इंडेक्स बिघडत नाहीत, पण एवढ्याशा यादीत निवडत कशाला बसता?

धागाकर्ता

धन्यवाद! रिइंडेक्स मध्येच युनिकवर अडलं तर? आणि सगळं 'सी' लोकेलवर (भाषेचे नियम न लावता फक्त अक्षरांच्या कोडप्रमाणे क्रम) नेलं तर ही कटकटच जाईल ना?

प्रतिसाद १

अडलं तर दुबार नोंद आधीच घुसली आहे. इंडेक्सस्कॅन, इंडेक्सओन्लीस्कॅन आणि बिटमॅपस्कॅन तिन्ही सेटिंग्ज बंद करून, म्हणजे बिघडलेला इंडेक्स न वापरता, 'ग्रुप बाय' लावा, सापडलेल्या नोंदी हाताने निस्तरा. त्याआधी पीजी-डंपने बॅकअप घ्या.

'सी' ने कटकट जाईल, पण तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. छापील यादीत वाचकांना चालणार असेल तर खुशाल न्या.