गप्पींसोबत पफर? नकोच

गप्पींच्या टँकमध्ये दोन मटार पफर (मटाराएवढे इवलेसे, अंग फुगवणारे मासे) सोडले तर चालतील का, असं विचारलंय तुम्ही. नका सोडू. मी हा उद्योग करून बसलोय. तिसऱ्याच दिवशी नर गप्पींच्या शेपट्यांच्या झिरमिळ्या झाल्या होत्या. जेमतेम ३ सेंटिमीटरचा जीव, पण मिजास केवढी!

हा मासा आपल्याच पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला. पूर्ण गोड्या पाण्याचा, तेव्हा दुकानदार मीठ टाकायला सांगेल तर ऐकू नका. वेगळा टँक द्या, ४० लिटरच्या पुढचा, झाडांनी गच्च भरलेला. एकमेकांच्या नजरेआड जाता आलं की मारामाऱ्या कमी होतात. माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा अमोनिया याला अजिबात सोसत नाही, म्हणून टँक आधी नीट सायकल झालेला (म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू त्यात वाढलेले) हवा.

गोळ्या-फ्लेक्सकडे हा सहसा ढुंकूनही बघत नाही. बारकी गोगलगाय टाका मग बघा गंमत: डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत हेरतो, शेपूट किंचित वाकवतो आणि एकच टोचा! मी खिडकीत बरणीत गोगलगायी वाढवतो, काकडीच्या चकत्यांवर. (बायकोचं मत विचारू नका.) एरवी फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या.

आणि हो, विकायला येणारे बरेचसे नदीतून पकडलेले असतात. पोट खपाटीला गेलेला घेऊ नका.