खरूज: कडुलिंब, करंजेल, गंधक यांवर विसंबून राहावे का? मदत हवी आहे

नमस्कार. आमचे आठ माणसांचे एकत्र कुटुंब असून आम्ही सांगली जिल्ह्यातील एका गावात राहतो. माझा 13 वर्षांचा पुतण्या वसतिगृहात राहून शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर बारीक पुरळ होते व रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खाज असह्य होत असे. उष्णतेने झाले असेल, असे समजून आम्ही दुर्लक्ष केले. मेडिकलमधून विचारून आणलेल्या, नायट्यावर लावतात तशा मिश्र मलमाने चार दिवस बरे वाटले आणि मग पुरळ काखेत, बेंबीभोवती, कमरेला पसरले. सुमारे पाच आठवड्यांनी मला, यजमानांना आणि आमच्या 14 महिन्यांच्या मुलीलाही खाज सुरू झाली. मुलीच्या तर तळहातांवर व तळपायांवर फोड आले आहेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी खरूज असल्याचे सांगून पर्मेथ्रिनचे मलम लिहून दिले आहे.

सासूबाईंचे म्हणणे असे की, इतक्या लहान मुलीला अंगभर औषध फासण्यापेक्षा कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ, पाला आणि हळद वाटून लेप, मोठ्यांना करंजेलात खललेले गंधक आणि बाळाला खोबरेल तेलात कापूर, एवढ्याने काम होते. त्यांच्या लहानपणी वाड्यातली सगळी मुले अशीच बरी झाली. मी ही गोष्ट हसण्यावारी नेत नाही. तमिळनाडूत 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कडुलिंब व हळदीच्या लेपाने 814 रुग्णांपैकी 97 टक्के लोक 3 ते 15 दिवसांत बरे झाल्याचे मी वाचले आहे. मात्र आम्ही सहा दिवस पाल्याच्या पाण्याने आंघोळ करत आहोत आणि खाज दीड-दोन तासांपुरतीच थांबते.

केवळ घरगुती उपायांवर राहणे योग्य आहे का? सासरे आणि मोठे दीर यांना खाज नसल्याने ते काहीही लावायला तयार नाहीत, ते चालेल का? जाऊबाई 5 महिन्यांच्या गरोदर आहेत, त्यांनी काय करावे?

प्रतिसाद

ताई, मी त्वचारोग विभागात अनेक वर्षे परिचारिका होते, त्या अनुभवावरून लिहिते. सर्वांत आधी कापूर बंद करा. तो बाळाच्या त्वचेतून, विशेषतः खाजवून सोललेल्या त्वचेतून, शरीरात शिरतो आणि त्याने झटके येऊ शकतात. या एका गोष्टीत सासूबाईंचा मान राखण्यासाठीही तडजोड करू नका.

गंधकाबाबत मात्र त्या चुकीच्या नाहीत. व्हॅसलीनमध्ये 6 ते 10 टक्के गंधक घालून केलेले मलम लहान बाळे व गरोदर स्त्रियांसाठी आजही वापरतात. अंदाजाने खललेल्या गंधकाने कातडी भाजते, एवढाच फरक. तमिळनाडूतील अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्या आकड्यावर बाळाचा उपचार ठरवू नये. कडुलिंबाच्या पाण्याने त्वचेला आराम पडतो, तो जरूर घ्या. पण खरजेचा किडा त्वचेच्या आत बोगदा करून राहतो, मादी रोज दोन-तीन अंडी घालते, आणि तिथपर्यंत आंघोळीचे पाणी पोहोचत नाही.

खाज नसलेल्यांनीही त्याच रात्री मलम लावायलाच हवे. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागतात (तुमच्याच घरात पाच लागले) आणि तोवर तो माणूस इतरांना लागण देत राहतो. पर्मेथ्रिन 5 टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्या, बेंबी आणि नखांखालीही लावून 8 ते 14 तास ठेवावे व सात दिवसांनी पुन्हा लावावे. तुमच्या मुलीला डोळे व तोंड वगळून चेहरा आणि डोक्यालाही लावावे लागेल आणि ती हात तोंडात घालत असेल तर हातमोजे घाला. हे मलम दोन महिन्यांवरील बाळांना देतात. जाऊबाईंनाही ते सहसा देता येते, पण आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. खरजेवर पोटात घ्यायच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या मात्र जाऊबाईंना आणि 15 किलोंहून कमी वजनाच्या मुलांना देऊ नयेत. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसच जगतो, म्हणून कपडे व चादरी उकळत्या पाण्यात भिजवा आणि न धुता येणाऱ्या गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवा.

उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, त्यामुळे घाबरून रोज मलम थापू नका. फोडांत पू झाला किंवा चेहऱ्यावर सूज येऊन लघवी लालसर झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण तो त्रास मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. ते मिश्र मलम फेकून द्या. त्यातील स्टेरॉइडमुळे खरूज झाकली जाते आणि वाढत राहते.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. कापूर आजच बंद केला. आपला प्रतिसाद वाचून दाखवल्यावर सासरे राजी झाले आणि गंधकाचे ऐकून सासूबाईंचाही राग निवळला. जाऊबाईंच्या डॉक्टरांना उद्या विचारून शनिवारी रात्री सर्व जण एकदमच मलम लावणार आहोत. वसतिगृहातील पुतण्याच्या खोलीत आणखी पाच मुले आहेत. तो परत जाण्याआधी त्यांच्या पालकांना आणि अधीक्षकांना फोन करते.