शब्दचर्चा: 'समन्यायी' गावात कसं बोलायचं, आणि पोड, बेडा, तांडा सगळ्यांनाच 'वस्ती' लिहायचं का?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातली, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा लिहून काढायच्या कामात असते. यंदाच्या मसुद्यात एक वाक्य आलं, सर्व वस्त्यांची अस्मिता व विविधता जपणारं समावेशक आणि समन्यायी वसाहत नियोजन. ग्रामसभेत मी ते वाचून दाखवलं तर पुढं बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, समन्यायी म्हंजे का वं?" मी म्हटलं, सगळ्यांना सारखं. त्या म्हणाल्या, "मंग नोको वं माय, सारकं तं आतापण देऊनच राह्यले."

त्या आजी कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वाडीवरच्या. पोड आमच्या गावाला लागूनच पण टेकाडावर आहे, टाकी खाली गावात, आणि पाणी सोडायचा नियम असा की गावठाण, बंजाऱ्यांचा तांडा, पोड तिघांनाही अर्धा अर्धा तास. खालच्या पुऱ्यात दहा मिनिटात ड्रम भरतात, मग पाईप लावून अंगणं धुतात, अन् वर पोडावरच्या नळाला आधी वीस मिनिटं नुसती हवा फुसफुसते, मग करंगळीएवढी धार लागते, बाया गुंड्या लावतात न लावतात तोवर वॉल बंद. वेळ सारखा, पाणी नाही. मी ते स्वतः उभी राहून पाह्यलं आहे आणि तरी सभेत 'सारखं' म्हणून मोकळी झाले याचं मला अजून वाईट वाटते.

तर विचारायचं हे की समन्यायीला आपल्या बोलीत काय म्हणावं. दुसरं, आराखड्यात पोड, पारध्यांचा बेडा, तांडा सगळ्याला सरसकट 'वस्ती' लिहा असं मला सांगितलं गेलं, ते बरोबर आहे का. आणि अस्मिता लिहावं की ओळख, हेही सांगा.

— वर्ध्याहून
ताई, हा शब्द लोकांच्या कानावर पडला तोच मुळात पाण्यापायी. 2005 साली महाराष्ट्राचा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, वरच्या धरणानं किती धरायचं अन् खालच्याला किती सोडायचं यावरची भांडणं पेपरात यायला लागली, तेव्हापासून 'समन्यायी पाणीवाटप' हा जोडशब्द पक्का झाला. त्याआधी हा शब्द मी रोजच्या बोलण्यात ऐकल्याचं आठवत नाही. घरं, रस्ते, शहर नियोजन यांच्याकडं तो तिथून उसना गेला असं मला वाटते. समान म्हणजे माप एक. समन्यायी म्हणजे माप लावायच्या आधी माणूस कुठं उभा आहे ते पाहणं. कालव्याच्या टेलवरचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा शेतकरी हे लगेच समजते, त्याला व्याख्या लागत नाही. तुमचं पोड म्हणजे नळाचं टेल आहे. बोलीत मी 'न्यायाचं' म्हणीन. न्यायानं वाटा, न्यायाचं पाणी, न्यायाचा रस्ता, हे कोणालाही कळते.

— दारव्ह्याकडून
तांड्याला वस्ती लिहू नका ही विनंती. तांडा म्हणजे नुसता घरांचा पुंजका नव्हे, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून चालणारा जो काफिला होता त्याचं नाव तांडा, तो जिथं थांबला त्या जागेलाही तेच नाव लागलं. तांड्याला नायक असते, कारभारी असते. वसंतराव नाईक, जे 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते, ते पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्याचे, आमच्या घरी अजूनही 'गहुली तांडा' असंच म्हणतात. वस्ती लिहिलं की हे सगळं पुसून जाते, मग तिथं मधली मोकळी जागा कायले पाहिजे, होळीला लेंगी कुठं खेळायची, हे नकाशा काढणाऱ्याला कळणारच नाही, तो तिथंही प्लॉट पाडून ठेवते.

— धारणीकडून
वरच्या मुद्द्याला जोडून. मेळघाटात कोरकूंच्या गावात घरं समोरासमोर दोन लांब ओळीत असतात, मधून रुंद सरळ रस्ता, प्रत्येक घराचं तोंड रस्त्याकडं. त्या रस्त्यावरच लग्न, त्यावरच नाच, त्यावरच पंचाची बैठक. लहान वाडीला ढाना म्हणतात. आता घरकुलं आली ती जागा मिळेल तशी, कोणाचं दार इकडं कोणाचं तिकडं, ओळ मोडली. घर पक्कं झालं ही चांगली गोष्ट आहे, मी नाव ठेवत नाही, पण विविधता जपणं म्हणजे भिंतीवर वारली चित्र काढणं नव्हे (ते तर कोरकूंचं नाहीच, पालघर-डहाणूकडचं). विविधता जपायची तर ओळ राखून घरं बांधा, एवढं साधं आहे ते.

— नेरकडून
मी पारधी बेड्यावरचा. बेडा शब्द आमचाच आहे, आम्हीच म्हणतो, तो लिहायला हरकत नाही. पण दुसरी बाजू बी सांगतो. 1871 च्या इंग्रजांच्या कायद्यानं आमच्यासारख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा 1952 साली रद्द झाला, शिक्का काही गेला नाही. बेड्यावरचा आहे म्हटलं की दुकानदार हात आखडते. तरी मले शब्द बदलून नाही पाहिजे, आमच्याबद्दलचा विचार बदलून पाहिजे. आणि ताई, खरं सांगू का, सरकारी कागदावर आमच्या जागेला बेडाही लिहत नाही अन् वस्तीही लिहत नाही. ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर बसलो म्हणून एकच शब्द आहे, अतिक्रमण. तीन पिढ्या झाल्या, आज्याची समाधी तिथं आहे, माहा जन्म तिथला, आन् शब्द अतिक्रमण. जागा नावावर नाही म्हणून घरकुल नाही, घर नंबर नाही म्हणून नळ नाही. तुमच्या शब्दचर्चेत हा शब्द पहिले घ्या.

— अकोल्याहून
नेरवाल्या भाऊंनी लिहिलं ते वाचून थांबलोच होतो.
नावांबद्दल एक अनुभव. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला की वस्त्यांची जातीवाचक नावं, महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी, काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी ठेवायची. आमच्या मोहल्ल्याला आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून भीमनगरच म्हणत होतो, बोर्डही पोरांनी वर्गणी करून लावलेला, पण टॅक्सच्या पावतीवर जुनंच नाव यायचं. ते नाव गेलं याचा मला मनापासून आनंद आहे, कोणी म्हणो की नावात काय असते, ज्याच्या पावतीवर ते छापून यायचं त्याला विचारा. म्हणून तांडा, पोड ठेवा अन् वाडा काढा यात मला विसंगती दिसत नाही. एक नाव लोकांनी स्वतःला दिलं, दुसरं गावानं त्यांना दिलं.
पण नाव बदललं तरी सिमेंट रोड जिथं थांबायचा तिथंच थांबते. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत, आमच्या गावात ती भिंत कोणी पाह्यलेली नाही, केव्हाच पडली असन, पण नाली कुठं संपते ते पाहा, गावकूस बरोबर तिथंच सापडते.

— यवतमाळ (मूळ प्रश्नवाली)
सगळ्यांचे आभार, नेरच्या दादांचे विशेष. अतिक्रमण हा शब्द मी स्वतः रकान्यात कितीदा भरला, कधी वाचला नाही असं आता वाटते.

घरकुलावरून एक सांगते. आपल्याकडं लोक म्हणतात 'त्याले घरकुल लागलं', जसं काही सोडत लागली. हक्काची गोष्ट 'लागते' कशी हा प्रश्न मला नेहमी पडते. पंतप्रधान आवासच्या ग्रामीण घराचं किमान माप 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. माप देशभर एकच. आता आपल्या कास्तकाराच्या घरात दिवाळीनंतर काय असते? कापूस. भाव येईपर्यंत तो विकायचा नाही म्हणून घरातच भरतात, छतापर्यंत. माझ्या मावशीकडं दोन खोल्यांपैकी एक पूर्ण कापसानं भरलेली होती, माणसं दुसऱ्या खोलीत चुलीपाशी दाटीनं झोपायची, पोरांच्या अंगाला खाज सुटून नुसते चट्टे. जुन्या कुडाच्या घराला कवेलूची सपरी होती, तिथं म्हातारे झोपायचे, पाहुणा बसायचा, बाया सरकी काढत बसायच्या. नकाशात सपरी नाही म्हणून मावशीनं पुढं टिनाचे पत्रे टाकून स्वतः सपरी काढली, तर पाहणीला आलेल्या माणसानं विचारलं हे वाढीव बांधकाम कायचं. सपरी हा शब्दच त्याच्या फॉर्मात नव्हता.

— मेहकरकडून
जुना शब्द देतो, पांढरी. गाव वसलेली जागा ती पांढरी, पिकाची जमीन ती काळी. जुन्या कागदपत्रात काळी-पांढरी जोडीनंच येते. आमच्याकडं धाब्याच्या घरावर पांढरी मातीच टाकायचे, उन्हाळ्यात घर थंड राहे. माझा मुद्दा असा की गावठाण शब्दात फक्त हद्द आहे, पांढरीत माती आहे, राहणं आहे. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजणं चालू झालं, मिळकत पत्रिका मिळायला लागल्या, चांगलं काम आहे, पण मोजणी गावठाणाची, मग ई-क्लासवरचा बेडा ड्रोनला दिसूनही कागदावर येत नाही. पांढरी कोणाची म्हणायची, हे आधी ठरवा.

— चंद्रपूरहून
अस्मिता नको, ओळख लिहा. अस्मिता हा योगसूत्रात पाच क्लेशांपैकी एक आहे, मीपणा अशा अर्थानं. आता तो झेंड्यासोबत येते. ओळख म्हणजे कोणीतरी ओळखलं पाहिजे, त्यात दोन माणसं आहेत. आणि हो, जिवतीकडं कोलामांच्या वस्तीला पोड नाही, गुडा म्हणतात, तेव्हा एकच शब्द सगळ्या कोलामांना लावू नका.

— यवतमाळ (मूळ प्रश्नवाली)
काल पोडावर जाऊन आले. पाणी सोडणाऱ्या दादांना सोबत नेलं, बादली लावून मोजलं. आधी पोड, मग तांडा, शेवटी गावठाण असा क्रम लावला अन् खालचा वॉल अर्धा दाबून धरला तर वर पंधरा मिनिटात धार बरी येते. खालच्या पुऱ्यातून बोंब झालीच, ती होणार, सभेत उत्तर देऊ.

आराखड्यात आता असं लिहिलं आहे: "प्रत्येक घराची बादली भरेल अशा न्यायानं पाणी. टाकीपासून लांब अन् उंच त्याला आधी." समन्यायी खाली कंसात ठेवला, वरच्या साहेबांना लागते म्हणून. ज्या जागेचे लोक तिला जे म्हणतात तेच नाव रकान्यात: पोड, तांडा, बेडा, भीमनगर. अतिक्रमणाच्या रकान्यात मी "बेडा, तीन पिढ्यांपासून" लिहिलं अन् घरांची यादी जोडली, ती परत आली तर पुन्हा जोडीन. सपरीसाठी नऊ फुटाची जागा सोडा असा ठराव घेतोय, नऊ पुरते का हे कापूस भरणाऱ्या कोणी सांगावं.

आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आंदी म्हंजे किती वाजता वं?" तेवढं लिहायचं राहिलं होतं. सकाळी सहा असं घातलं.