शब्दचर्चा : 'कर्ब वेट'ला मराठीत काय म्हणाल?

घाटवेडा :
आमच्या मोटरसायकल रायडिंग गटातर्फे नव्या मुलामुलींसाठी एक मराठी पुस्तिका काढतोय. ब्रेक, टायर, पावसातली चाल, सगळी पानं झाली. अडलंय ते वजनाच्या पानावर.

माहितीपत्रकांत तीन शब्द सापडतात : ड्राय वेट, कर्ब वेट आणि ग्रॉस व्हेइकल वेट. आरसीवर चौथा असतो, अनलेडन वेट. एका मित्राने मला भाषांतर करून दिलं : 'कोरडे वजन', 'कठडा वजन', 'ढोबळ वाहन वजन' आणि 'भारविरहित वजन'. यातलं 'कठडा वजन' वाचून कुणाला काही कळेल असं वाटत नाही. 'ढोबळ' तर उलटाच अर्थ देतो. ढोबळ म्हणजे अदमासे, आणि इथे अभिप्रेत आहे ती पक्की कमाल मर्यादा.

या शब्दांच्या गोंधळाने मी स्वतः एकदा फसलोय, म्हणून इतका आग्रह. दोन गाड्यांतून एक निवडायची होती. एकीच्या पत्रकात वजन १७० किलो, दुसरीच्या १८२. माझी उंची बेताची, त्यामुळे बारा किलो कमी म्हटल्यावर पहिलीच घेतली. पुढे कळलं की १७० हे ड्राय वेट होतं आणि दुसरीचं १८२ हे कर्ब वेट. १५ लिटर पेट्रोलचे साधारण ११ किलो, त्यावर इंजिन ऑइल, कूलंट आणि बॅटरी. हिशेब केला तर माझी 'हलकी' गाडी दुसरीपेक्षा तीन-चार किलोंनी जडच निघाली. कंपनी खोटं बोलली नव्हती, पत्रकात बारीक अक्षरांत तो शब्द होताच. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता, एवढंच.

तर मंडळी, या चार वजनांना वाचताक्षणी कळतील असे शब्द सुचवा.

मापाडी :
घाटवेडा, आधी 'कर्ब'बद्दल. इंग्रजीत कर्ब म्हणजे फुटपाथची कड. रस्त्याकडेला उभी असलेली, कुणी न बसलेली, पण किल्ली फिरवली की निघेल अशी गाडी. तिचं त्या क्षणीचं वजन ते कर्ब वेट. कडेशी त्या वजनाचा दुसरा काही संबंध नाही, म्हणून कठडा सोडून द्यावा. अर्थ पकडायचा तर 'तयार गाडीचं वजन'. युरोपीय नियमांतला शब्दही याच अर्थाचा आहे, चालू स्थितीतलं वस्तुमान. त्यात टाकी निदान ९० टक्के भरलेली धरतात. आपल्याकडेही रॉयल एनफिल्डसारख्या कंपन्या कर्ब वेटपुढे '९० टक्के इंधन आणि ऑइलसह' असं लिहितात.

ड्राय वेटसाठी 'कोरडं वजन' चालेल, पण त्यात एक खोच आहे. कोरडं म्हणजे किती कोरडं, हे सगळ्यांचं एकसारखं ठरलेलं नाही. कुणी फक्त पेट्रोल काढतं. कुणी ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड काढतं. काही जण बॅटरीही बाजूला ठेवत. तेव्हा पुस्तिकेत 'कोरडं वजन' लिहिलंत तर 'कशाविना' हेही लिहायलाच हवं. डुकाटीच्या हल्लीच्या पत्रकांत तिसराच प्रकार दिसतो : बाकी सगळे द्रव धरून, फक्त पेट्रोल वगळून. इंग्रजीत त्याची सुरुवात 'वेट वेट' अशी होते. देवनागरीत ओला आणि वजन या दोन्हींचा उच्चार एकच लिहावा लागतो, त्यामुळे तो शब्द उसना घेण्यात अर्थच नाही. त्याला 'पेट्रोलविना वजन' म्हणा.

आता माझ्या आवडीचा शब्द. आजोबांचं तेलाचं दुकान होतं. गिऱ्हाईक घरून बरणी घेऊन आलं की ते आधी रिकामी बरणी एका पारड्यात ठेवायचे, दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचे दगड-खिळे टाकून काटा बरोबर करायचे आणि मग तेल ओतायचे. याला म्हणायचं धडा करणे. भांड्याचं वजन मालाच्या वजनातून वेगळं काढण्याचा हा अस्सल मराठी शब्द आहे. पत्रकातला आकडा वाचताना नेमकं हेच करावं लागतं : कशाचा धडा केलाय, पेट्रोलचा, ऑइलचा की बॅटरीचा? कोरड्या वजनाला प्रतिशब्द म्हणून नाही, पण समजावून सांगताना 'धडा' वापरा. बाजारात वावरलेल्या माणसाला एका वाक्यात कळेल.

चौदाचा पाना :
शब्द तुम्ही ठरवा, मी मोजण्याचं सांगतो. गॅरेज चालवतो, म्हणून हा प्रश्न रोजचा.

लोक गाडी भुईकाट्यावर नेतात. भुईकाटा ट्रकसाठी, उसाच्या ट्रॉलीसाठी असतो. आमच्या इथला १० किलोच्या पटीत आकडा दाखवतो. मागच्या उन्हाळ्यात एका पोराची गाडी आम्ही तिथे तोलली. पडद्यावर २१० आलं. हँडलला अडकवलेलं हेल्मेट काढलं, तरी २१०. टूलकिट काढलं, तरी २१०. मग पाण्याची बाटली उचलली आणि एकदम २०० झालं. पोरगा बाटलीकडे बघत राहिला. बाटली एक लिटरची, वजनही किलोभरच. काटा मध्यावर टेकला होता, बाटलीने तो पलीकडे ढकलला. भुईकाट्यावर बाइकचं वजन म्हणजे पाच किलो इकडे किंवा तिकडे, असं समजूनच वाचायचं.

नीट मोजायचं तर दोन सपाट काटे घ्यायचे, दोन्ही चाकांखाली एकेक. गाडी सरळ उभी धरायची. साइड स्टँडवर ठेवली तर थोडा भार स्टँडमधून जमिनीत जातो, आणि तो काट्यावर येत नाही. धरणाऱ्याने नुसता तोल सांभाळायचा, हँडलवर रेलायचं नाही. एकच काटा असेल तर दुसऱ्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी द्यायची, नाहीतर गाडी कलते आणि वजन मागच्या किंवा पुढच्या चाकाकडे सरकतं. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे एकूण वजन. पण खरी मजा बेरजेत नाही. पुढे किती आणि मागे किती, ते बघा. सामान लावून पुन्हा मोजलंत तर मागचं चाक किती खातंय ते कळतं.

ग्रॉसबद्दल : ते कमाल भरलेलं वजन आहे. गाडी, पेट्रोल, तुम्ही, मागचा माणूस, बॅगा, सगळं मिळून याच्या वर जायचं नाही. त्यातून तयार गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो तुमचा हक्काचा भार. समजा मर्यादा ३६० आणि गाडी १९५, तर राहिले १६५. ७५-७५ किलोंचे दोघे बसले की बॅगांना उरतात पंधरा. त्यात लोखंडी क्रॅश गार्ड आणि कॅरिअर बसवलेत तर तेही याच पंधरातून जातात. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, पण सांगायलाच हवं. टायर, ब्रेक आणि मागचा शॉकअप या आकड्यावर बेतलेले असतात.

शब्दखूण :
'भार' आणि 'वजन' यांची गल्लत इथे होऊ देऊ नये. चौदाचा पाना यांनी सहज 'हक्काचा भार' म्हटलं, ते फार योग्य. वजन वस्तूचं स्वतःचं असतं, भार दुसऱ्यावर पडतो. गवताचा भारा, डोक्यावरचा भार, कर्जाचा भार. म्हणून आरसीवरच्या अनलेडनला 'भारविरहित वजन' हा शब्द चुकीचा नाही, जरा कचेरीतला आहे इतकंच. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातली व्याख्या अशी : कामावर असताना वाहनासोबत सहसा असणारी सगळी सामग्री धरून, पण चालक किंवा मदतनीस यांना वगळून होणारं वजन. त्यात पेट्रोलचा वेगळा उल्लेख नाही. पुस्तिकेत मी त्याला 'आरसीवरचं वजन' म्हणेन. वाचणारा कार्ड काढून बघेल आणि त्याला ते सापडेल.

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आहे आणि वजन न्यूटनमध्ये मोजतात, हे खरं. तरीही इथे 'वस्तुमान' नको. काट्यावर बघून कुणी 'माझं वस्तुमान ६५ किलो' म्हणत नाही. 'वजन' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द शतकानुशतकं आपल्या पेठांत राबतोय, त्याला त्याचं काम करू द्या.

आणखी एक. हिंदी परीक्षणांवरून मराठी करणारे 'ही गाडी भारी आहे' लिहितात. मराठीत याचा अर्थ गाडी झकास आहे असा होतो! वजनासाठी आपला शब्द 'जड'. त्यातही 'गाडी जड आहे' आणि 'गाडी जड चालते' यांत फरक आहे. दुसरीत ब्रेक चिकटलेला असू शकतो किंवा हवा कमी असू शकते. 'हलकी'लाही जपावं लागतं. हलकी गाडी म्हटलं की हलक्या प्रतीची असा वास येतो, म्हणून 'वजनाला हलकी' असं पूर्ण लिहा.

आडवाट :
मला प्रामाणिकपणे विचारायचंय, दहा-बारा किलोंनी एवढा काय फरक पडतो? चालवणाऱ्याचं वजनच ५० ते १०० किलोंमध्ये कितीही असू शकतं.

घाटवेडा :
आडवाट, प्रश्न रास्त आहे. शर्यतवाल्यांनीही तो विचारात घेतलाय. मोटोजीपीच्या मोठ्या गटात गाडीचं किमान वजन १५७ किलो ठरवलेलं होतं, तर लहान मोटोथ्री गटात गाडी आणि स्वार मिळून किमान १५२. गाड्या लहान असल्या की स्वाराच्या वजनाचा फरक फार पडतो, म्हणून तिथे दोघांना एकत्रच तोलतात.

पण रस्त्यावर चालू गाडीचं वजन आपल्याला क्वचितच त्रास देतं. त्रास होतो तो उभ्या गाडीचा. पार्किंगच्या उतारावरून मागे ओढताना, खडीवर यू-टर्न घेताना, सिग्नलला पाय खड्ड्यात गेला तर. आणि तिथे किलोंइतकीच उंची महत्त्वाची. एक हिशेब करून पाहिला. गाडी १९५ किलोंची, म्हणजे क्लासिक ३५०एवढी, आणि तिचं सगळं वजन जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर एकवटलंय असं धरू. ती ५ अंश कलली तर मीटरभर उंचीच्या हँडलशी ती सावरायला साधारण १० किलोंचा जोर लागतो. २० अंश कलली की ४० किलोंचा. त्याच हिशेबात ११२ किलोंची स्प्लेंडर २० अंशांवर २३ किलो मागते. पहिल्या काही अंशांत गाडी तुमच्या बोटांवर असते. त्यापुढे ती कुणाचंच ऐकत नाही. ज्यांची गाडी उभ्या-उभ्या पडली आहे त्यांना ते अर्धं सेकंद आठवेल : मांडीला टाकी टेकते, मनगट वळतं आणि हातातून सगळं निसटतं.

इथे मराठीने आपल्याला एक सुंदर गोष्ट आयती दिली आहे. तोल. तोलणं म्हणजे वजन करणं आणि तोल जाणं म्हणजे पडणं. काट्यावरचं आणि रस्त्यावरचं एकाच शब्दात. त्यामुळे वजनाच्या पानाचं नाव मी 'वजन आणि तोल' ठेवतोय.

वजन वर एकवटलेल्या गाडीला इंग्रजीत टॉप-हेवी म्हणतात. त्यासाठी 'डोईजड' कसा वाटतो? हाताखालचा माणूस डोईजड झाला, म्हणजे आवरेनासा झाला, असं आपण म्हणतोच. टाकी भरलेली उंच टूरिंग गाडी अगदी तशीच वागते. सीटखाली टाकी असलेली गाडी तेवढ्याच किलोंची असून डोईजड वाटत नाही.

मापाडी :
डोईजड! अर्थ आणि अनुभव दोन्ही बरोबर. घेऊन टाका.

बांधावरून :
मी शेतकरी, घरी अजून बैलगाडी आहे. गाडीत माल मागे जास्त भरला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही. आम्ही म्हणतो गाडी उलाळ झाली. मग दोन पोती पुढे सरकवतो. तुमच्या मोटरसायकलवर मागे तीन बॅगा आणि वर तंबू बांधलेला बघितला की मला तेच दिसतं. पुढचं चाक हलकं होऊन हँडल थरथरतं ना? तीच उलाळ.

चौदाचा पाना :
दादा, अगदी तेच. पोरं येऊन म्हणतात हँडल डगमगतंय, बेअरिंग बघा. बेअरिंग चांगलं असतं. मी जड बॅग मागच्या कॅरिअरवरून काढून सीटवर, स्वाराच्या पाठीला टेकवून बांधायला सांगतो. हत्यारांची पिशवी खाली, चाकाजवळच्या बॅगेत.

घाटवेडा :
'उलाळ' सामान बांधण्याच्या पानावर घेतला, तुमच्या बैलगाडीच्या उदाहरणासकट. वजनाच्या पानावर आता असं आहे : कोरडं वजन (कशाविना ते विचारा), पेट्रोलविना वजन, तयार गाडीचं वजन, कमाल भरलेलं वजन, आरसीवरचं वजन. प्रत्येकासमोर मूळ शब्द देवनागरीत, म्हणजे पत्रक हातात घेतलेल्याला जुळवता येईल. छपाईला रविवारी देतोय. कुणाच्या भागात 'टॉप-हेवी'ला डोईजडहून वेगळा शब्द असेल तर शनिवार रात्रीपर्यंत कळवा.