प्रति: नुसती प्रोफाइलची फाइल ठेवून भागत नाही
'पर्फची डेटा फाइल जपली की झालं, बायनरी लागलीच तर गिटच्या टॅगवरून पुन्हा बिल्ड करू' असं वर म्हटलंय. (पर्फ म्हणजे प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते मोजणारं लिनक्सवरचं साधन, त्याची नोंद म्हणजे प्रोफाइल, आणि बायनरी म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्रॅम.) नाही पटलं. त्या फाइलीत मुख्यतः मेमरीतले पत्ते आणि बिल्ड-आयडी (प्रत्येक बिल्डची ओळखखूण) असतात, फंक्शनांची नावं बायनरीतून येतात. क्लायंटच्या सर्व्हरवर घेतलेलं प्रोफाइल हिंजवडीत लॅपटॉपवर उघडलं की नावांऐवजी हेक्स आकडे दिसतात ते यामुळेच. आणि नव्या बिल्डमध्ये कंपायलरची आवृत्ती जरी बदलली, तरी बिल्ड-आयडी जुळायची आशा सोडा.

त्यापेक्षा रेकॉर्ड झाल्या झाल्या त्याच मशीनवर 'पर्फ आर्काइव्ह' चालवा. ज्या बायनरींत सॅम्पल (पर्फने ठरावीक वेळाने घेतलेल्या नोंदी) पडले त्या, लायब्रऱ्यांसकट, एका टारमध्ये येतात. इकडे लॅपटॉपवर होममधल्या 'डॉट डीबग' फोल्डरमध्ये उलगडायच्या. सोर्स मात्र त्यात येत नाही. 'पर्फ अ‍ॅनोटेट'मध्ये (कोडच्या कुठल्या भागात किती वेळ गेला ते दाखवणारी कमांड) कोडच्या ओळी हव्या असतील तर कमिटचा हॅश टिपून ठेवा, आणि बिल्ड होताना तयार होणाऱ्या फाइली (प्रोटोबफवाले, म्हणजे डेटाच्या आराखड्यावरून कोड आपोआप बनवून घेणारे, ऐकताय ना?) वेगळ्या बांधून ठेवा, त्या गिटमध्ये सहसा नसतात. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं) वगैरे असेल तर टेंपमधली मॅप फाइलही, म्हणजे चालताना बनलेल्या कोडच्या पत्त्यांना नावं देणारी, लगेच उचला. रीबूटनंतर ती बहुधा गेलेली असते.