एका इन्सर्टमध्ये हजार ओळी कोंबायचा अट्टहास कशाला?

कमिटवीर: डेटाबेसच्या टेबलात ढीगभर ओळी भरायच्या म्हटलं की सल्ला ठरलेला: व्हॅल्यूजपुढे कंसांची माळ लावा (दर ओळीला एक कंस), ओळी भरायची आज्ञा, म्हणजे इन्सर्ट, एकदाच चालवा. माझ्या मते निम्म्या वेळा याची गरजच नसते. वेळ खातं ते कमिट, म्हणजे बदल कायमचे पक्के करणं. ऑटोकमिट (दर आज्ञेनंतर आपोआप कमिट) चालू असलं की प्रत्येक ओळीमागे लॉग (बदलांची नोंदवही) डिस्कवर उतरेपर्यंत थांबावं लागतं. सुरुवातीला बिगिन, मग प्रिपेअर केलेलं (आधीच तयार करून ठेवलेलं) साधं इन्सर्ट लूपमध्ये, शेवटी कमिट, झालं काम. एसक्यूलाइट डेटाबेसवाले स्वतःच सांगतात, साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५०,००० इन्सर्ट होतात, ट्रान्झॅक्शन (बिगिनपासून कमिटपर्यंतचा एक संच) मात्र काही डझनच.

फेरीवाला: एसक्यूलाइट तुमच्याच प्रोग्रॅमच्या प्रोसेसमध्ये चालतं हो, तिथे नेटवर्क कुठलं? सर्व्हर दुसऱ्या मशीनवर ठेवा. जाऊन-येऊन एका फेरीला १ मिलिसेकंद धरा. १०,००० ओळी म्हणजे १० सेकंद नुसती वाट बघणं, कमिट एकदाच केलं तरी. ५००-५०० चे गठ्ठे केले तर २० फेऱ्या.

कमिटवीर: फेऱ्या वाचवायला ड्रायव्हरची (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीची) बॅच आहे की, अनेक आज्ञा एकत्र पाठवते. तुमच्या गठ्ठ्याला मर्यादा किती ते बघा: मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर अशा इन्सर्टमध्ये १००० च्या वर ओळी घेत नाही, आणि पॅरामीटर (आज्ञेत बाहेरून भरायच्या किमती) २१००. वीस कॉलमचं टेबल असेल तर शंभरेक ओळींत खेळ खलास. मग लोक हाताने स्ट्रिंग जोडायला लागतात, आणि कुणाच्या आडनावात एकेरी अवतरणचिन्ह निघालं की स्ट्रिंग तिथेच तुटून बोंब. शिवाय एक ओळ बिघडली तर अख्खा गठ्ठा परत. कुठली बिघडली ते शोधत बसा.

फेरीवाला: बॅचचंच बोलायचं तर मायएसक्यूएल डेटाबेसच्या जावा ड्रायव्हरला रीराइटची सेटिंग दिली की तो आतून तुमच्या इन्सर्टांची कंसांची माळच करतो! आणि पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये लूपमधली एक ओळ चुकली की पूर्ण ट्रान्झॅक्शन अडकते. सेव्हपॉइंट (चुकलं तर मागे फिरायची खूण) लावणार का दर ओळीला? त्याच्याही फेऱ्या मोजा. बाकी कुठली ओळ चुकली ते लूपमध्ये लगेच कळतं, हे मात्र मान्य.

कच्चाटेबल: दोघंही लाखभर ओळींना इन्सर्टच का धरून बसलात? घाऊक भरायच्या वेगळ्या आज्ञा आहेत: पोस्टग्रेसमध्ये कॉपी, मायएसक्यूएलमध्ये लोड डेटा. आधी बंधनं नसलेल्या तात्पुरत्या टेबलात ओता, मग इन्सर्ट-सिलेक्टने खऱ्या टेबलात. दुहेरी नोंदी पोस्टग्रेसमध्ये इन्सर्टचं ऑन कॉन्फ्लिक्ट कलम बघून घेईल.

कमिटवीर: लाखभर असतील तर जरूर. पण एका ऑर्डरच्या बारा ओळींसाठी तात्पुरतं टेबल उभारणार?

फेरीवाला: बारांना एक इन्सर्ट. तेच तर मघापासून सांगतोय.