कोरोनाची टेस्ट पॉझिटिव्ह असताना गावच्या जत्रेला यावं का?

मेढ्याची सून · १५ एप्रिल २०२३

पंधरवड्यापूर्वी आमच्या गावची जत्रा झाली. गाव जावळी तालुक्यातलं, म्हणजे निम्मं मुंबईत. वाशीच्या मार्केटात माथाडीचं काम करणारी माणसं वर्षभर येणार नाहीत, पण जत्रेला येतातच. माझे धाकटे दीरही बायकामुलांना घेऊन आले. छबिना झाला, दुसऱ्या दिवशी मटणाच्या पंगती उठल्या. भावजी तीन दिवस खोकत होते. "गाडीतला वारा बाधला," म्हणाले. परत निघताना जाऊबाईंनी मला चुलीपाशी बोलावून हळूच सांगितलं, यायच्या आदल्या रात्री घरी किटवर टेस्ट केली होती. दोन रेघा आल्या होत्या.

माझे सासरे एकाहत्तर वर्षांचे आहेत. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला साताऱ्याला न्यावं लागतं. भावजी तिन्ही रात्री त्यांच्याच शेजारी, सोप्यात अंथरूण टाकून झोपले होते.

मामंजींना काही झालं नाही. पण पुढचे आठ दिवस मी रोज तीनदा त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत होते, आणि आकडा दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. त्यांचा तिसरा डोस २०२२ च्या फेब्रुवारीत झाला, त्यालाही आता वर्ष उलटलं.

या महिन्यात आपल्या जिल्ह्यात सरकारी कार्यालयं, कॉलेजं, बँका इथं मास्क पुन्हा सक्तीचा झाला आहे. त्यावर सगळीकडे वाद चाललेत. माझं म्हणणं वेगळं आहे. बँकेतला माणूस दहा मिनिटं समोर असतो, घरातला रात्रभर शेजारी असतो. ताप-खोकला असेल त्यानं टेस्ट करावी, पॉझिटिव्ह आली तर म्हातारं-आजारी माणूस असलेल्या घरी जाऊ नये, आणि जायचंच असेल तर आधी सांगावं. अडीचशे रुपयांचा किट आहे. लपवून येणं हा मी गुन्हा समजते. तुम्हाला काय वाटतं?

विट्याचा गलाईवाला

वहिनी, सासरे सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. दीर चुकले हेही मान्य. पण "गुन्हा" हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. का, ते सांगतो.

आमचा धंदा सोनं-चांदी गाळायचा. खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळानं बाहेर पडली आणि देशभर गलाईची दुकानं टाकून बसली. माझं दुकान तमिळनाडूत आहे. मे २०२० मध्ये ई-पास काढून, भाड्याची गाडी करून, दोन लेकरं घेऊन गावाला निघालो. शिवेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. पलीकडं उभी राहिलेली पोरं माझ्याच शाळेतली. आम्हाला ना ताप, ना खोकला, पण बाहेरून आलो एवढंच पुरलं. चौदा दिवस मराठी शाळेच्या वर्गात काढले. आई डबा फाटकाशी ठेवून दहा पावलं मागं सरकायची, मग आम्ही तो उचलायचा. अकराव्या दिवशी चुलते गेले. घर शाळेतून दिसतं. मला मातीला जाऊ दिलं नाही.

तेव्हा आजार नवा होता, कुणाला दोष देत नाही. पण आता? आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चौथ्या सिरो सर्व्हेत, म्हणजे लोकांच्या रक्ततपासणीत, जून-जुलै २०२१ मध्येच ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाशी लढणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या होत्या. त्यानंतर लशी झाल्या, जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन हा कोरोनाचा नवा अवतार घरोघरी फिरून गेला. आता प्रत्येक खोकल्याला टेस्ट म्हटलं की पुढं पॉझिटिव्ह माणसांची यादी येणार, यादीमागून बाभळीच्या फांद्या येणार. मी टेस्ट करणार नाही. आजारी असलो तर आजारी म्हणून घरी बसेन, त्याला रेघ कशाला पाहिजे?

कोरेगावकर

एप्रिल २०२१ मध्ये माझे वडील गेले. ऑक्सिजन बेडसाठी रात्रभर तीन तालुके फिरलो. आमच्या घरी तो आजार एका साखरपुड्यातून आला. खोकणारा पाहुणा "ॲलर्जी आहे" म्हणाला होता. दादा, तुमचं दुःख मोठं आहे, पण तुमचे चुलते तुमच्यामुळं गेले नाहीत. माझे वडील कुणाच्या तरी न सांगण्यामुळं गेले. ताई, "गुन्हा" हा शब्द मागे घेऊ नका.

कराडची सिस्टर

मी वॉर्डात काम करते. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खोडते, राग मानू नका.

गलाईवाले दादा, अँटिबॉडी असणं म्हणजे लागण न होणं नव्हे. गावाच्या वेशीवरचे राखणदार असतात ना, तशा त्या. लस घेतल्यावर किंवा आजार होऊन गेल्यावर पुष्कळ असतात, काही महिन्यांत विरळ होतात. शिवाय ओमिक्रॉन आणि त्याची पिल्लं वेष बदलून येतात, उरलेले राखणदार त्यांना नीट ओळखत नाहीत. म्हणून तीन डोस घेतलेल्यालाही सर्दी-ताप होतो. पण वेस ओलांडली तरी गावात झोपलेली माणसं आहेत. त्या स्मृतिपेशी, म्हणजे आजाराची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, त्या बराच काळ टिकतात. आरडाओरडा झाला की उठतात आणि दोन-चार दिवसांत आजार आवरतात. आज बहुतेकांना ऑक्सिजन लागत नाही तो या जाग्या होणाऱ्या गावामुळं. तुमचं म्हणणं इथपर्यंत बरोबर.

पण डायलिसिसवरच्या माणसाचं गाव उशिरा जागं होतं, अर्धवट जागं होतं. किडनी बदललेले, कॅन्सरची औषधं चालू असलेले, यांचंही तेच. लशीनंतर त्यांच्या शरीरात संरक्षण कमी तयार होतं. म्हणजे जिल्ह्याची प्रतिकारशक्ती आणि एका सोप्यातल्या एका म्हाताऱ्याची प्रतिकारशक्ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिरो सर्व्हे पहिली सांगतो. ताईंना दुसरीची काळजी आहे.

आता ताई, तुमचं. तुम्ही किटवर फार भिस्त ठेवताय. लक्षणं असताना दोन रेघा आल्या तर ते खरं मानायचं. एकच रेघ आली तर मात्र ती सुटका नव्हे. पहिल्या दिवशी नाकात विषाणू कमी असतो, किट चुकतो. एक-दोन दिवसांनी पुन्हा करावी लागते किंवा लॅबमधली आरटीपीसीआर. उलट आरटीपीसीआर बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, मेलेल्या विषाणूचे तुकडे सापडतात म्हणून. तुमच्या भावजींना एकच रेघ आली असती तर तुम्ही त्यांना मामंजींशेजारी झोपू दिलं असतं की नाही? दिलं असतं. धोका तिथं आहे. माझ्या मते नियम खोकल्याला लावा. खोकला आहे, मग मास्क, ओसरी, उघडी खिडकी. म्हाताऱ्याशी बोलायचं, पण अंगणात.

आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाही म्हणून सांगते. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर टीबीची तपासणी करा. कोविडच्या पहिल्या वर्षी टीबी तपासायची ट्रूनॅट यंत्रं कोविडला जुंपली गेली, लोकही खोकला लपवायला लागले. देशात २०१९ मध्ये टीबीचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. मधले सहा लाख बरे झाले नव्हते. ते सापडले नाहीत. त्यातले कुणाकुणाच्या घरात खोकत होते, कुणाला ठाऊक.

माणदेशी मास्तर

सिस्टर, "लोक खोकला लपवायला लागले" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. लपवायला लोकांना आपणच शिकवलं. ऑगस्ट २०२१ आठवा. बहुतेक जिल्ह्यांना निर्बंधांतून सूट मिळाली आणि ११ जिल्हे वगळले, त्यात सातारा, सांगली, कोल्हापूर तिन्ही होते. पॉझिटिव्हिटीच्या, म्हणजे शंभर टेस्टमागं किती पॉझिटिव्ह निघाल्या त्या आकड्यावर दुकानाचं शटर ठरत होतं. आमच्या गावात तेव्हा पक्कं झालं की टेस्ट केली की आकडा वाढतो आणि आकडा वाढला की बंद. त्या बंदमध्ये सगळ्यात शेवटी कोण सुटलं? ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले आणि जानेवारीत पुन्हा मिटले. माझ्याकडं तिसरीत आलेल्या पोरांनी पहिलीचा वर्ग डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. म्हणून सक्ती हा शब्द कुठंही दिसला की माझा विरोध.

माझे आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगायचे, प्लेगात उंदीर पडायला लागले की अख्खं गाव उठून रानात झोपड्या टाकून राहायचं. सगळे एकदम बाहेर. २०२० मध्ये गाव आत राहिलं आणि आपलीच माणसं बाहेर ठेवली. हा फरक मला अजून टोचतो.

कोरेगावकर

मास्तर, सक्ती नको, टेस्ट नको, मग राहिलं काय? म्हाताऱ्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घ्यायचं?

मिरजकरीण

माझं माहेर कागवाडच्या पुढं. मिरजेहून म्हैसाळच्या वाटेनं निघालं की अर्ध्या-पाऊण तासात कर्नाटक. लहानपणापासून ती हद्द आम्हाला कधी दिसलीच नव्हती. आजी या बाजूला, मामा त्या बाजूला. २०२१ मध्ये तिथं नाका बसला आणि ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर मागायला लागले. मी चारदा टेस्ट केली. सोमवारी नाकातून नमुना दिला, बुधवारी अहवाल हातात घेऊन निघाले. मधल्या दोन दिवसांत मी भाजी मंडईत गेले होते, बँकेत गेले होते. कागद सोमवारचा, माणूस बुधवारचा. आईला वाटायचं लेक तपासून आली. लेक तपासली होती, पण दोन दिवसांपूर्वी. त्यामुळं प्रवासासाठीच्या टेस्टवर माझा काडीचा विश्वास नाही.

पण इथं मला दुसरी गोष्ट आठवते. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉनची माहिती जगाला दिली. दोन-तीन दिवसांत कितीतरी देशांनी तिथून येणारी विमानं बंद केली. पुढं नेदरलँडमधले ठेवलेले नमुने तपासले, तर १९ नोव्हेंबरच्या नमुन्यातही तो निघाला. म्हणजे दारं लावली तेव्हा पाहुणा माजघरात बसलेला होता. शिक्षा झाली ती ज्यानं प्रामाणिकपणानं सांगितलं त्याला.

ताई, तुमच्या भावजींनी रात्री फोन करून "दोन रेघा आल्यात" म्हटलं असतं, तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं? खरं सांगा.

जावळीचा मुंबईकर

मी त्यांच्याच तालुक्यातला, मीही मार्केटलाच आहे. आमच्यातला माणूस काय विचार करतो ते सांगतो. रोजची कमाई बुडते, ते एक वेळ सोसतो. गाडीचं रिझर्वेशन बुडतं, तेही सोसतो. पण बाप डायलिसिसवर आहे, पुढची जत्रा तो बघेल का, हे डोक्यात असतं. सांगितलं तर "येऊ नका" असंच ऐकायला मिळणार. म्हणून माणूस सांगत नाही, येऊन बसतो. चूक आहे. पण बापाला मारायला कोण येतं? बघायलाच येतो ना.

मेढ्याची सून · १८ एप्रिल

मिरजेच्या ताई, तुमच्या प्रश्नानं दोन दिवस झोप लागली नाही. खरं उत्तर देते. मी "येऊ नका" म्हटलं असतं. आणि गावात चार जणींना सांगितलं असतं की त्यांना कोरोना झालाय.

तरी टेस्ट नकोच, हे मला पटत नाही. जाऊबाईंनी उशिरा का होईना सांगितलं, म्हणून तर मी ऑक्सिमीटर लावत राहिले, डायलिसिसच्या ठिकाणी आधी कळवलं. तिथं एका हॉलमध्ये इतर माणसंही यंत्राला जोडलेली असतात, त्यांच्या घरच्यांनाही माझ्यासारखीच धास्ती असणार. नुसता खोकला असता तर मी एवढं केलं नसतं. सिस्टर, सुटका म्हणून किट नको हे समजलं. पण इशारा म्हणून तो मला हवाच.

विट्याचा गलाईवाला

डायलिसिसच्या हॉलचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. तेवढ्यापुरतं मानतो. अशा घरी जायचं असेल तर मी टेस्ट करीन. आकड्यासाठी, यादीसाठी करणार नाही. घरच्या माणसाला सांगीन, बाकी कुणाला नाही. आणि ज्याला सांगितलं त्यानं ते गावभर करायचं नाही, एवढं तुम्हीही कबूल करा.

कोरेगावकर

मला अजूनही वाटतं तुम्ही सगळे त्या पाहुण्याला स्वस्तात सोडताय. त्यानं नंतर एकदाही घरी येऊन तोंड दाखवलं नाही. मी वाट बघतोय.

मेढ्याची सून · ७ मे २०२३

परवा, ५ मे ला, जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची आणीबाणी उठवली. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा मामंजी डायलिसिसहून येऊन पडले होते. त्यांनी विचारलं, "गेला का रोग?" मी म्हटलं, रोग आहे, आणीबाणी गेली. ते म्हणाले, "मग धाकट्याला बोलाव. जत्रेपासून त्याचा फोन नाही."

भावजींना मीच फोन लावला. आधी दोघंही गप्प. मग मी सांगितलं की खोकला असला तरी या, मी नको म्हणणार नाही, फक्त निघायच्या आधी मला कळवा. पडवीत खाट टाकून ठेवते, सोप्याची खिडकी पडवीत उघडते, बापलेकांना बोलता येईल. आणि ही गोष्ट माझ्या पलीकडं जाणार नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, त्या रात्री मी चारदा नंबर लावला होता. तुम्ही उचलायच्या आत ठेवून दिला."

काल त्यांचा परत फोन आला. शाळेला सुट्टी लागली आहे, सगळे रविवारी निघणार होते, पण धाकट्या पोराला सर्दी झाली आहे. किटवर एकच रेघ आली, तरी चार दिवस थांबून येतो म्हणाले. मामंजींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "चारच दिवस. पाचव्या दिवशी मी एसटी स्टँडवर येऊन बसणार." आज सकाळपासून त्यांनी मला दोनदा विचारलं, गुरुवारची मुंबई गाडी मेढ्याला किती वाजता येते.